सोबतची सिस्टर चुकत असेल, तर…

सकाळी सहाचा टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाची नोंद. तीस खाटांचा वॉर्ड आणि जवळजवळ प्रत्येक पेशंटपुढे श्वासाचा आकडा एकच, २०. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या आजोबांचा २०, कालच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या मुलाचाही २०. श्वास नीट मोजायचा तर घड्याळावर नजर ठेवून मिनिटभर खाटेशेजारी उभं राहावं लागतं. तीस पेशंट म्हणजे अर्धा तास. म्हणून आकडा मोजला जात नाही, टाकला जातो. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडण्याच्या आधीच श्वास वाढतो, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेलं असतं. तरीही चार्टवर सही होते आणि तो पुढच्या ड्युटीच्या हातात जातो.

अशा गोष्टी कुठल्याही परिचारिकेला विचारा, ती भराभर सांगेल. औषध भरून, नाव न लिहिता ट्रेमध्ये ठेवलेल्या सिरिंजा. एका ग्लोव्हजवर चार खाटा. सुई बदलली, पण सिरिंज तीच. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण. सारखा वाजतो म्हणून म्यूट केलेला मॉनिटरचा अलार्म. रक्ताची पिशवी दोघींनी तपासायची असते, तिथे पिशवीकडे न बघताच मारलेली दुसरी सही.

हे करणारी एक असते आणि बघणाऱ्या चौघी. प्रश्न त्या चौघींचा आहे. अमेरिकेत अतिदक्षता परिचारिकांच्या संघटनेने २००५ मध्ये ‘सायलेन्स किल्स’ नावाचा अभ्यास केला, त्यात हेच दिसलं. पेशंटला धोका होईल असे शॉर्टकट सहकारी घेताना पाहिल्याचं ८४ टक्के डॉक्टरांनी सांगितलं. परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६२ टक्के होतं. पण त्या माणसाशी त्याबद्दल मोकळेपणाने बोलणारे दहात एकसुद्धा निघाले नाहीत.

गप्प बसण्याची कारणं

उद्याची नाईट तिच्यासोबतच असते. रजा बदलून घ्यायची तर तीच लागते. ती दहा वर्षांनी सीनियर असते, किंवा हॉस्टेलवर एकाच खोलीत राहणारी मैत्रीण असते. स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असेल तर ‘चुगलीखोर’ हा शिक्का परवडत नाही. खासगी रुग्णालयात तर नव्या सिस्टरला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं, ‘इथे असंच चालतं.’

शिवाय माणसं कमी असतात. केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषाप्रमाणे जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक आणि आयसीयूत प्रत्येक पेशंटमागे एक परिचारिका हवी. रात्री तीस-चाळीस पेशंटांवर एकटी असलेली सिस्टर हा निकष ऐकून काय म्हणेल, ते सांगायला नको. शॉर्टकट अनेकदा आळसातून येत नाहीत, हातात वेळच नसल्याने येतात. म्हणून सहकाऱ्याची चूक दिसल्यावर आधी तिच्या जागी उभं राहून बघावं. पण सलाईनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पेशंटला स्टाफ कमी आहे म्हणून औषध कमी बाधत नाही. समजून घेणं आणि चालवून घेणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

आधी ओळखायचं काय

सगळ्या चुका एका मापाने मोजल्या की अन्याय होतो. रुग्णसुरक्षेचं काम करणारे लोक साधारण तीन प्रकार करतात.

पहिली म्हणजे निव्वळ चूक. करायचं एक होतं, हातून दुसरं झालं. ३१ जानेवारी २०२१ या पल्स पोलिओच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या डोसऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. सुदैवाने ती बरी झाली. आरोग्य कर्मचारी, डॉक्टर आणि आशा सेविका अशा तिघांवर कारवाई जाहीर झाली. पोलिओ बूथवर माणूस एकटा नसतो, टीम असते. थेंब पाजण्याआधी त्यातल्या एकाने जरी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

दुसरी म्हणजे सवय. धोका कळत असतो, पण ‘आजवर काही झालं नाही’ म्हणून तो दिसेनासा होतो. सुई बदलून तीच सिरिंज वापरणं हे याचं सर्वांत घातक उदाहरण. सुईतून मागे आलेलं रक्त डोळ्यांना दिसतही नाही, पण ते सिरिंजमध्ये शिरलेलं असतं. २००९ च्या सुरुवातीला गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे जीव गेले. तपास झाला तेव्हा दवाखान्यांमध्ये पुन्हापुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांपर्यंत धागा पोचला.

तिसरी म्हणजे बेपर्वाई. सांगितलं, समजावलं, तरी जाणूनबुजून तेच. न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिणं, नशेत ड्युटी करणं, पेशंटला मारणं-ढकलणं, हे यात येतं.

पहिलीला धीर द्यावा आणि जिथून चूक शिरली ती फट बुजवावी. दुसरीला सांगावं, शिकवावं, पुन्हा बघावं. तिसऱ्या प्रकारात एकट्याने समजावत बसू नये, त्याच दिवशी वर कळवावं. कुठल्या प्रकाराला काय करायचं हे डोक्यात पक्कं असलं, की मैत्रिणीच्या एका चुकीसाठी तिची नोकरी घालवण्याची वेळ येत नाही आणि नशेत असलेल्या माणसाला ‘घरचा ताण असेल’ म्हणून पाठीशीही घातलं जात नाही.

त्या क्षणी

औषध हातात आहे, सुई पोर्टला लागणार आहे, अशा वेळी चर्चा नाही. थांबवायचं. नेमके शब्द आधीपासून तोंडात बसलेले असले तरच ते वेळेवर बाहेर पडतात.

केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिलिटरची अँप्युल घ्या. दिसायला ती बरीचशी डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी. १५ टक्क्यांच्या त्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते सलाईनमध्ये मिसळून, सावकाश द्यायचं. सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं आणि सावरायला वेळही मिळत नाही. समजा, रात्री अडीच वाजता एक ज्युनियर बघते, की सीनियरने अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला ट्रेमधून उचललेली अँप्युल केसीएलची आहे.

‘मॅडम, एक मिनिट थांबा.’

‘काय झालं?’

‘तुमच्या हातातली अँप्युल केसीएलची वाटतेय. जरा लेबल बघू या.’

‘अगं, वीस वर्षं भरतेय मी. आता तू शिकवणार?’

‘शिकवत नाही मॅडम, मला भीती वाटली म्हणून म्हटलं. एकदा वाचू या दोघी, मग द्या.’

एवढंच. यात ‘तुम्ही चुकलात’ हे शब्द कुठे नाहीत. हातातली वस्तू, तिच्यावरचं लेबल आणि ‘दोघी’. सीनियरला मान राखून मागे येण्याची जागा मिळते. अमेरिकेत आरोग्य खात्याची संशोधन संस्था आणि संरक्षण विभाग यांनी मिळून ‘टीमस्टेप्स’ हा प्रशिक्षणक्रम बनवला. त्यात असं बोलण्याच्या तीन चढत्या पायऱ्या शिकवतात: मला काळजी वाटतेय, मला हे ठीक वाटत नाही, पेशंटला धोका आहे, थांबा. त्याच्याच जोडीला दोनदा सांगण्याचा नियम. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा स्पष्ट सांगायचं. दुसऱ्यांदाही कानाआड केलं तर तिसऱ्यांदा तिच्याशी बोलायचं नाही, ड्युटी डॉक्टरला किंवा नाईट सुपरवायझरला लगेच बोलवायचं.

पेशंट शुद्धीवर असेल, नातेवाईक शेजारी असतील, तर आवाज खाली आणि वाक्य छोटं. ‘सिस्टर, जरा इकडे येता का, ही ऑर्डर बघायची होती,’ म्हणून ट्रॉलीपाशी बोलावून घेतलं तरी काम होतं. पण सुई शिरणारच असेल तर लाजेखातर गप्प राहू नये. नातेवाइकांसमोर ‘थांबा’ म्हटल्याने झालेली अडचण नंतर निस्तरता येते.

ड्युटी संपल्यावर

सवयीची गोष्ट असेल तर बोलणं त्याच दिवशी, पण एकांतात व्हावं. हँडओव्हरच्या घोळक्यात नाही, वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. सुरुवात ‘तू नेहमीच’ने केली की समोरची व्यक्ती पुढचं ऐकत नाही. काय पाहिलं तेवढंच सांगावं: ‘सात नंबर आणि आठ नंबरला ड्रेसिंग करताना मधे ग्लोव्हज बदलले नाहीस. सात नंबरच्या जखमेला पू आहे, तो पुढे आठला जाईल म्हणून सांगतेय.’ मग एक प्रश्न विचारावा: ‘ग्लोव्हज संपले होते का?’

या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बोलण्याची दिशाच बदलतं. ग्लोव्हजचा डबा स्टोअरमध्ये कुलपात असतो. हँडरबची बाटली वॉर्डाच्या दाराशी एकच असते. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाच्या आधी, रक्त-स्रावांशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर, असे हात स्वच्छ करायचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत. हँडरबने एका वेळेला २० ते ३० सेकंद लागतात. साबण-पाण्याने धुवायचे तर ४० ते ६०, बेसिनपर्यंतची पायपीट वेगळी. बाटली खाटेला अडकवलेली असेल तर ते जमतं. दाराशी असेल तर जगातली कुठलीही सिस्टर काही वेळा ते टाळणारच. अशा वेळी दोघींनी मिळून इन्चार्जकडे बाटल्या मागाव्यात.

कधी उत्तरात वेगळंच निघतं. सलग दुसरी डबल ड्युटी, घरी आजारी मूल, झोप नाही. अशा सहकाऱ्याला मदत हवी असते आणि जोखमीच्या कामातून थोडी सुटकाही. त्या दिवशीची इन्सुलिनं, रक्त चढवणं, आयव्ही औषधं सोबतच्या सिस्टरने आपल्याकडे घ्यावीत.

एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळावा. फेंटानिल, मॉर्फिन, पेंटाझोसिन या व्यसन लावू शकणाऱ्या वेदनाशामकांचा साठा रजिस्टरशी जुळत नसेल, फुटलेल्या अँप्युलचा हिशेब लागत नसेल, ‘दिलं’ म्हणून लिहिलेलं असूनही पेशंट वेदनेने तळमळत असेल, तर त्या व्यक्तीला गाठून विचारपूस करू नये, स्वतः शोधाशोधही करू नये. सावध झालेला माणूस पुरावा नाहीसा करतो, आणि औषधाच्या आहारी गेलेला सहकारी उघडं पडण्याच्या धास्तीने स्वतःचं काही बरंवाईटही करून घेऊ शकतो. ही बाब इन्चार्ज आणि मेट्रनकडे त्याच ड्युटीत गेली पाहिजे.

सुई टोचते ती मावशींना

सहकाऱ्याच्या शॉर्टकटची किंमत दर वेळी पेशंटच मोजतो असं नाही. वापरलेली सुई काळ्या पिशवीत पडली तर ती टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशींना. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया-ब्लेड पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, ग्लोव्हज-नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत, रक्ताने भरलेला कापूस-बँडेज पिवळीत आणि काच निळ्या खोक्यात जायला हवी. भिंतीवर हा तक्ता प्रत्येक वॉर्डात असतो.

टोचलीच तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. दाबून रक्त काढू नये, स्पिरिट चोळू नये. मग लगेच कळवावं. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी जास्त, ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करावीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही औषधं आणि सुरक्षेची साधनं पुरवणं रुग्णालयांवर बंधनकारक केलं आहे. माहितीसाठी नॅकोची १०९७ ही हेल्पलाइन आहे. सुई कोणी टाकली याचा शोध नंतर घेता येतो, म्हणून मावशींना आधी औषधाकडे न्यावं.

लिहायचं कसं

तोंडी तक्रार हवेत विरते. बऱ्याच रुग्णालयांत, विशेषतः एनएबीएच मानांकन असलेल्या ठिकाणी, इन्सिडंट फॉर्म असतो. नसेल तिथे साधा अर्ज चालतो. तारीख, वेळ, खाट नंबर, काय दिसलं, तेव्हा काय केलं, कुणाला कळवलं. ‘निष्काळजी’, ‘उद्धट’, ‘नेहमीचंच’ हे शब्द गाळावेत. ‘१४ नंबरच्या पेशंटचं दहाचं इन्सुलिन दिल्याची नोंद आहे, सव्वादहाला फ्रीजमधली व्हायल सीलबंद होती’ हे एक वाक्य चार विशेषणांपेक्षा जड पडतं.

पेशंटच्या केसपेपरवर पेशंटला काय झालं आणि काय उपचार केले तेवढंच असावं. सहकाऱ्यावरचा ठपका तिथे लिहू नये. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नये. केसपेपरचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवू नयेत. पेशंटची गोपनीयता मोडली की खरी तक्रारही अडचणीत येते. अर्जाची प्रत मात्र स्वतःकडे ठेवावी, त्यावर आवक क्रमांक आणि सही-शिक्का घ्यावा.

पायऱ्या ठरलेल्या आहेत: वॉर्डाची इन्चार्ज म्हणजे परिसेविका, मग मेट्रन म्हणजे अधिसेविका, मग वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा रुग्णालयात सिव्हिल सर्जन. संसर्गाचा विषय असेल तर इन्फेक्शन कंट्रोल नर्सला सोबत घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी. व्यावसायिक गैरवर्तन गंभीर असेल आणि रुग्णालय हलतच नसेल, तर नोंदणी देणाऱ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे दाद मागता येते. पायरी गाळून एकदम वर गेलं की मूळ मुद्दा मागे पडून ‘विचारलं का नाही’ याचीच चर्चा होते.

ज्यांनी तोंड उघडलं

इंग्लंडच्या स्टॅफर्ड हॉस्पिटलमधल्या हेलन डॉनेली या परिचारिकेने इमर्जन्सी विभागातल्या हलगर्जीबद्दल सुमारे शंभर इन्सिडंट फॉर्म भरले. पेशंट चार तासांत तपासून दाखल करावेत किंवा घरी पाठवावेत या लक्ष्यासाठी वेळांच्या खोट्या नोंदी करायला लावतात, हेही त्यात होतं. सहकाऱ्यांनी धमकावल्यामुळे रात्री ड्युटीवरून एकटीने गाडीपर्यंत जायची त्यांना भीती वाटे. फॉर्म वर्षानुवर्षं पडून राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल आला, त्यात त्या रुग्णालयातल्या हालअपेष्टा सविस्तर मांडल्या गेल्या आणि डॉनेलींची साक्ष त्यात मोलाची ठरली.

टेक्सासमधल्या विंकलर काउंटीत २००९ मध्ये ॲन मिचेल आणि विकिलिन गॅल या दोन परिचारिकांनी एका डॉक्टरच्या उपचारांबद्दल राज्याच्या वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र लिहिलं. शेरीफने पत्र कोणाचं ते शोधून काढलं, आणि दोघींवर सरकारी माहितीच्या गैरवापराचा गुन्हा दाखल झाला. नोकरी गेली. गॅल यांच्यावरचा खटला मागे घेतला गेला. मिचेल यांना फेब्रुवारी २०१० मध्ये ज्युरीने तासाभराच्या आत निर्दोष सोडलं, आणि दोघींना मिळून साडेसात लाख डॉलरची भरपाई मिळाली. पत्रात त्यांनी पेशंटची नावं लिहिली नव्हती, फक्त केसचे नंबर दिले होते, आणि पत्र योग्य मंडळाकडेच पाठवलं होतं.

दोन्ही घटनांमधून धोका किती असतो ते कळतं आणि तयारी कशी असावी तेही. एकटीने जाण्यापेक्षा दोघी-तिघींनी सही करावी. पेशंटची ओळख उघड करू नये. फॉर्म देऊन थांबू नये. पंधरा दिवसांनी लेखी विचारणा करावी. त्रास सुरू झाला, रोस्टरमध्ये सलग नाईट लागू लागल्या किंवा अचानक बदली झाली, तर त्याच्याही तारखा लिहून ठेवाव्यात आणि परिचारिकांच्या संघटनेला आधीच कल्पना द्यावी. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ पासून आहे. सरकारी परिचारिकांच्या राज्यात स्वतःच्या संघटना आहेत.

इन्चार्जच्या हातात

तक्रार घेऊन आलेली ज्युनियर पुन्हा कधी येईल की नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. ‘तुझं काम बघ आधी,’ असं एकदा ऐकलं की पुढची दहा वर्षं ती काही सांगणार नाही. तिचं नाव हँडओव्हरला निघू नये. जिच्याबद्दल तक्रार आहे तिचीही बाजू बंद दाराआड ऐकावी, कारण द्वेषातून केलेल्या तक्रारीही येतात.

मग वॉर्डात फिरून बघावं. केसीएल इतर अँप्युलच्या ट्रेमध्ये का आहे? ते वेगळ्या डब्यात, लाल पट्टी लावून ठेवता येईल. सिरिंजांवर नाव लिहिलेलं नसतं, तर ट्रॉलीवर स्टिकरचा रोल आणि पेन आहे का? सुयांचा डबा काठोकाठ भरलेला असेल तर सुया बाहेर पडणारच; तीन चतुर्थांश भरला की बदलायचा. श्वास मोजायला वेळ पुरत नसेल तर तीसही पेशंटचे खोटे आकडे लिहून घेण्यापेक्षा आधी नुकतं ऑपरेशन झालेले आणि ऑक्सिजनवरचे आठ पेशंट नीट मोजले जावेत आणि उरलेल्यांसाठी माणूस मिळावा म्हणून मेट्रनकडे लेखी मागणी जावी.

आणि जिने सांगितलं तिला आठवड्याच्या आत बोलावून काय केलं ते कळवावं: अँप्युलचा डबा वेगळा केला, संबंधित सिस्टरला औषधांचं प्रशिक्षण पुन्हा दिलं, पुढच्या महिन्यात पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी ट्रे तपासला जाईल. काही करता आलं नसेल तर तेही, कारणासकट.